गणिताची शंका : नऊ एकांचा वर्ग

प्रश्न : १११११११११ (नऊ वेळा १) या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो, असं मुलीच्या वहीत लिहिलंय. एक्सेलमध्ये मात्र १२३४५६७८९८७६५४३०० दिसतं. चूक कुणाची? दहा एक घेतले की ही अंकांची शिडी का मोडते? आणि एवढ्या मोठ्या संख्येचे अवयव हाताने काढता येतात का?

उत्तर : वही बरोबर आहे. एक्सेल पहिले १५ अंक राखतं, पुढे शून्यं भरतं. ही संख्या १७ अंकी, म्हणून शेवटचे २ आणि १ गेले. १६ अंकी कार्ड नंबर टाकला की शेवटी शून्य येतं, तेही याचमुळे. ताळा कागदावरच घ्या. १११११११११ = १११ × १००१००१. पहिल्याचा वर्ग १२३२१, दुसऱ्याचा १००२००३००२००१. म्हणजे १२३२१ ची १, २, ३, २, १ पट घ्यायची आणि दर ओळ तीन घरं सरकवायची :

१२३२१००००००००००००
+ २४६४२०००००००००
+ ३६९६३००००००
+ २४६४२०००
+ १२३२१
= १२३४५६७८९८७६५४३२१

शिडी मोडते ती हातच्यामुळे. नऊ एकांचा गुणाकार उभा मांडला की एककाच्या घरात एक १, दशकाच्या घरात दोन, असं चढत मधल्या घरात नऊ १ येतात आणि पुढे तसंच उतरतं. हातचा कुठेच येत नाही. दहा एकांत मधल्या घराची बेरीज १० : शून्य मांडा, हातचा १. डावीकडच्या घरात ९ आणि हातचा १, पुन्हा १०. पुन्हा शून्य, हातचा १. त्यापुढच्या ८ चा ९ होतो आणि हातचा तिथे संपतो. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. चढत्या बाजूचा ८ नाहीसा होतो तो असा.

आता अवयव. १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. म्हणून आपली संख्या = ३⁴ × ३७² × ३३३६६७², आणि तिचे विभाजक ५ × ३ × ३ = ४५.

३३३६६७ मूळ आहे हे तपासायला ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागत बसू नका. १००१००१ ने ९९९९९९९९९ ला पूर्ण भाग जातो. त्यामुळे ३ सोडून १००१००१ चा कुठलाही मूळ अवयव १८ ने भागल्यावर बाकी १ च देतो. असे उमेदवार फक्त १७ : १९, ३७, ७३, १०९, १२७… शेवटचा ५७७. एकानेही भाग जात नाही. ३७ तर अगदी जवळून हुकतो : ३७ × ९०१८ = ३३३६६६, बाकी १.

एक गंमत मुलीला नक्की दाखवा. संख्या १२३४५६७८ । ९ । ८७६५४३२१ अशी तोडा. दोन्ही टोकांची बेरीज ९९९९९९९९, म्हणजे मधलाच अंक. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी अशा संख्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटलं. ही कल्पना त्यांना ज्या रेल्वे स्टेशनवर सुचली त्याचं ते नाव, म्हणजे आजची डोंबिवली. आठ एकांच्या वर्गात १२३४५६७ + ७६५४३२१ = ८८८८८८८ येतं. सहा आणि सात एकांचं तिला स्वतः करू द्या.