1934 सालचं विमान 2012 साली कोसळलं, ते म्हातारं झालं होतं म्हणून का?

तुमचा प्रश्न असा: "1934 साली बनलेलं एक छोटं विमान 2012 साली ऑस्ट्रेलियात सहा जणांसह कोसळलं, असं वाचलं. 78 वर्षांच्या विमानाला उडायची परवानगी मिळतेच कशी? वयामुळेच पडलं असणार ना?"

नाही, वयामुळे नाही. पण वयाचा संबंधच नव्हता असंही मी म्हणणार नाही. कसं ते सांगतो.

आधी स्वतःबद्दल दोन वाक्यं. मी वैमानिक नाही. सोलापुरात अक्कलकोट रोडला माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. लहानपणी होटगी रोडच्या विमानतळाच्या कुंपणाला चिकटून उभं राहायचो. विमान यायचं कधीतरीच, मग उरलेला वेळ विमानांबद्दल वाचण्यात जायचा. आता गोव्याचं विमान डोक्यावरून जातं, पण वाचनाची खोड गेली नाही. अपघातांचे चौकशी अहवाल मी रात्री जेवण झाल्यावर वाचतो. बायको याला छंद म्हणत नाही, दुसराच शब्द वापरते.

तर ते विमान म्हणजे डी हॅविलँड कंपनीचं डीएच-84 ड्रॅगन, नोंदणी व्हीएच-यूएक्सजी. पहिलं ड्रॅगन इंग्लंडमध्ये 1932 च्या नोव्हेंबरात उडालं. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, 15 ऑक्टोबरला, जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला टपाल आणलं होतं, तेही याच कंपनीच्या पस मॉथ विमानातून. काळ कोणता ते यावरून लक्षात येईल. ड्रॅगनला पंखांचे दोन मजले, 130 अश्वशक्तीची दोन इंजिनं, अंग प्लायवूडचं आणि पंखांवर ताणून बसवलेलं कापड. वेग ताशी 175 किलोमीटरच्या आसपास. वैमानिक नाकाडात एकटाच बसतो, शेजारी दुसरी खुर्ची नाही. हे एकटं बसणं लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. इंग्लंडमध्ये अशी 115 बनली आणि दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियात आणखी 87. तुम्ही वाचलेलं विमान त्या युद्धातल्या 87 पैकी नव्हे, त्याच्याही आधीचं, मूळ इंग्लंडचं.

आता परवानगीचं. औषधाच्या बाटलीवर असते तशी तारीख विमानावर छापलेली नसते. ठरावीक तासांनी आणि ठरावीक काळाने तपासणी होते. इंजिन खोलून पुन्हा बांधतात, कापड फाडून नवं चढवतात, लाकडाचे सांधे ओल धरून कुजलेत का ते बघतात. तपासणीत पास झालं तर उडतं. हे समजायला सोलापूरकराला विमान लागत नाही. माझे वडील पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारे. त्यांच्या हाताखालचे काही माग त्यांच्याहून वयाने मोठे होते आणि त्यांवर रोज चादरी निघायच्या. बिडाचा सांगाडा तेवढा मूळचा. धोटा, फणी, पट्टे, बेअरिंग, सगळं कितीदा बदललेलं. असा माग किती वर्षांचा, याला काय उत्तर देणार?

1 ऑक्टोबर 2012 रोजी हे विमान क्वीन्सलँडमधल्या मॉन्टोहून कबूल्चरला निघालं. अंतर सरळ रेषेत सुमारे 300 किलोमीटर. निघताना वर उंचावर ढगांचं छत होतं, पण दूरवरचं स्वच्छ दिसत होतं. उड्डाण होतं डोळ्यांनी बघून उडायच्या नियमांखालचं, म्हणजे जमीन आणि क्षितिज दिसत राहिलं पाहिजे, ढगात शिरायचं नाही. दुपारी सव्वा वाजता वैमानिकाने ब्रिस्बेनच्या हवाई वाहतूक नियंत्रकांकडे रेडिओवरून वाट शोधायला मदत मागितली. तीनच मिनिटांत कळवलं, की आपण पूर्ण ढगात आहोत. त्या डोंगराळ भागात कमी उंचीवर रेडिओ नीट पोचत नव्हता, म्हणून काही निरोप हवेतल्या दुसऱ्या विमानांमार्फत इकडून तिकडे गेले. पुढे काही वेळाने आपत्कालीन बीकनचा, म्हणजे संकटात जागा कळवणाऱ्या यंत्राचा, सिग्नल सुरू झाला. अवशेष सापडले 3 ऑक्टोबरला, दाट झाडीच्या उभ्या डोंगरकड्यावर. सहाही जण गेले होते.

चौकशीचा निष्कर्ष थोडक्यात असा: वैमानिक नकळत ढगात शिरला, त्याला पुन्हा बाहेर येता आलं नाही, दिशेचं भान हरपून बहुधा विमानावरचा ताबा सुटला. ढगातून उडायला लागणारी उपकरणं त्या विमानात नव्हती आणि ढगातून उडायची पात्रता वैमानिकाकडे नव्हती. वयाचा संबंध मला दिसतो तो इथे. लाकूड कुजलं नव्हतं की पंख तुटला नव्हता. पण ते विमान ज्या काळातलं होतं, त्या काळाएवढ्याच मर्यादा त्याच्यात होत्या.

"ढगात दिसत नाही तर सरळ जात राहायचं, त्यात काय?" असं वाटतं ना? मलाही वाटायचं. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरली की होम मैदानावर जा आणि गरागरा फिरणाऱ्या कुठल्याही पाळण्यात डोळे गच्च मिटून बसा. पाळणा एका गतीने फिरत राहिला की थोड्या वेळाने आपण फिरतोय हेच कळेनासं होतं. तो थांबायला लागला की उलट्या दिशेने फिरतोय असं वाटतं. कानाच्या आत द्रव भरलेल्या बारीक नळ्या असतात. त्यांना वळणं सुरू झाल्याचं आणि थांबल्याचं कळतं, पण एकसारखं चालू असलेलं वळण कळत नाही. आणि हळूहळू सुरू झालेलं वळण तर त्यांच्या गावीही नसतं. एरवी डोळे ही चूक दुरुस्त करतात. ढगात डोळ्यांपुढे नुसता पांढरा कापूस. विमान सावकाश एका अंगाला कलतं, वळत वळत खाली जायला लागतं, आणि आत बसलेल्याला मात्र आपण सरळ चाललोय असंच वाटतं. उंची कमी होतेय हे काट्यावर दिसलं की विमानाचं नाक वर करायला तो हातातला दांडा मागे ओढतो. कललेल्या विमानात दांडा ओढला की वळण आणखी आवळतं.

1954 साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात हे तपासून बघितलं होतं. उपकरणांवर उडायचा अनुभव नसलेल्या 20 जणांना, बाहेरचं काही दिसणार नाही अशा स्थितीत उडवायला लावलं. सगळ्या 20 जणांचा ताबा सुटला. सरासरी वेळ 178 सेकंद. तीन मिनिटंही नाहीत! क्वीन्सलँडचा वैमानिक ढगात सापडल्याचं सांगितल्यावरही त्याहून कितीतरी जास्त वेळ हवेत होता. शेजारी खुर्ची नाही, नकाशा धरायला कोणी नाही, विमान सांभाळत रेडिओवर बोलायचं तेही एकट्यानेच. त्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. फक्त, पहिला ढग दिसला तेव्हाच मागे वळता आलं असतं, हे राहून राहून मनात येतं.

वयाने खरोखर बळी घेतल्याचंही उदाहरण देतो, नाहीतर तुम्ही म्हणाल एकच बाजू सांगितली. 19 डिसेंबर 2005, मायामी. 1947 साली बनलेलं ग्रमन मॅलार्ड, पाण्यावरून उडणारं विमान. उड्डाण करताच उजवा पंख निखळला आणि 20 जण गेले. पंखातल्या धातूला वर्षानुवर्षांच्या ताणाने भेगा पडल्या होत्या. त्या पंखातून पूर्वी इंधन गळायचं आणि गळती पुन्हा पुन्हा बुजवली जायची. गळती का होते याच्या मुळाशी कोणी गेलं नाही. हा अहवाल वाचताना मला वडिलांच्या कारखान्यातला एक माग आठवला. धोट्याला मारणारी लाकडी काठी त्या मागावर सारखी मोडायची. मालक म्हणायचे, नवी लावा आणि चालू करा. तिसऱ्यांदा वडील अडून बसले, माग बंद ठेवून अख्खा खोलला. खालचा शाफ्ट वाकलेला निघाला. त्या दिवसाचा पगार मात्र कापला गेला, ते दुःख त्यांना शेवटपर्यंत होतं.

आणि नवं म्हणजे सुरक्षित, हेही खरं नाही. टाटांनी उडवलेल्या त्या पस मॉथ जातीचीच बघा. 1930 पासूनच्या दोन-तीन वर्षांत त्यातली कित्येक विमानं हवेतच पंख मोडून पडली, आणि ती सगळी कोरी करकरीत होती. दोष रचनेत होता, तो नंतर सुधारला. उलट 1982 साली, त्या पहिल्या टपाल उड्डाणाला 50 वर्षं झाली तेव्हा, 78 वर्षांच्या जे. आर. डीं.नी 1930 च्या दशकातल्या लेपर्ड मॉथमधून कराची ते मुंबई हे अंतर पुन्हा एकट्याने कापलं आणि सुखरूप उतरले. (78 हा आकडा तुमच्याही प्रश्नात आहे, तो योगायोग.)

एकाने विचारलंय, "मग तुम्ही बसाल का अशा विमानात?" बसेन की. फुकट असेल तर नक्की. पण चढायच्या आधी वैमानिकाला विमानाचं वय विचारणार नाही. वाटेत ढग आडवे आले तर कुठे उतरणार, हे विचारेन. "अहो, काही होत नाही, निघून जाऊ त्यातून," असं म्हणाला तर मी सरळ खाली उतरून एसटीने येईन. पण त्याने नकाशावर बोट ठेवून इथून मागे फिरू, नाहीतर या गावच्या धावपट्टीवर उतरू आणि रात्री तिथेच मुक्काम करू, असं सांगितलं तर मागच्या खिडकीची जागा पकडेन. आणि घरी आधीच फोन करून ठेवेन, की आज रात्री आलो नाही तर वाट बघू नका.