वेग कमी करताना गिअर की ब्रेक? आणि महेश्वरचा घाट

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. तीन महिन्यांपूर्वी गाडी शिकलात, आता रोज इंदुरात राजेंद्रनगरहून विजयनगरला नेता. बाबा सांगतात, सिग्नल दिसला की पाचवा, चौथा, तिसरा, दुसरा असे एकेक गिअर उतरवत ये, ब्रेकचे पॅड वाचतात. शिकवणाऱ्या सरांनी सांगितलं होतं, आधी क्लच पूर्ण दाबा, मग ब्रेक. खरं कोणाचं? शिवाय पुढच्या महिन्यात आजींना घेऊन महेश्वरला जायचंय, तर घाटात काय करायचं?

बाबांचं म्हणणं घाटात शंभर टक्के बरोबर आहे, पलासियाच्या चौकात नाही. सरांचं म्हणणं पहिले आठ दिवस गाडी बंद पडू नये म्हणून ठीक होतं. ती सवय आता सोडा. कारण सांगतो, मग दोन्हीकडचं तुमचं तुम्हालाच कळेल.

आधी शहराचं बघू. सपाट रस्त्यावर वेग कमी करायला गाडीत एकच यंत्र खास बनवलेलं आहे, ते म्हणजे ब्रेक. तो चारही चाकांवर चालतो, हवा तेवढाच दाबता येतो, आणि दाबला की मागे लाल दिवा लागतो. हा दिवा लहान गोष्ट नाही. नुसत्या गिअरने वेग पाडलात तर मागच्या स्कूटरवाल्याला काहीच कळत नाही. गीता भवन चौकात संध्याकाळी सात वाजता तुमच्या मागे दोन हातांवर कोण असतं ते तुम्हाला माहीत आहे. बहुतेक लहान गाड्यांत इंजिनाची ओढ फक्त पुढच्या दोन चाकांवर येते, मागची दोन नुसती फिरत राहतात. म्हणजे गिअरने रोखणं हा सपाटीवर अर्धाच ब्रेक आहे.

राहिला पॅड वाचवण्याचा प्रश्न. पॅड झिजण्यासाठीच असतात. चाक काढलं की अर्ध्या तासात नवे बसतात आणि गाडीच्या मोठ्या कामांच्या मानाने ते स्वस्त आहेत. क्लच प्लेट, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी चकती, बदलायची तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, एक-दोन दिवस गाडी मेकॅनिककडे, आणि मजुरी वेगळी. एका ओळखीच्यांची प्लेट मी मेकॅनिककडे हातात घेऊन पाहिली आहे. सिग्नलला एकेक गिअर उतरवण्याची त्यांची अनेक वर्षांची सवय होती, आणि दर वेळी क्लच अर्धवट सोडून ते इंजिनाला वर ओढायला लावत. प्लेटचं अस्तर रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत खाली आलेलं, आणि ती प्लेट इंजिनाच्या ज्या जड चाकावर दाबली जाते त्या फ्लायव्हीलवर निळसर काळे चट्टे, कढई करपते तसे. ब्रेकचे पॅड मात्र छान जाड होते. पैसे वाचवायला गेले आणि महाग भाग झिजवला.

मग सिग्नलला करायचं काय? समजा पाचव्यात साठने चालला आहात. लाल दिवा लांबून दिसला की अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा, गाडी गिअरमध्येच राहू द्या. ती आपसूक मंदावते. मग हलका ब्रेक. क्लचला पाय लावू नका. इंजिनाच्या फेऱ्यांचा (आरपीएमचा) काटा हजाराच्या जवळ आला आणि इंजिन किंचित थरथरायला लागलं की मग क्लच. थांबायचंच असेल तर थेट न्यूट्रल आणि पुढे पहिला. दिवा मध्येच हिरवा झाला तर त्या वेगाला जो गिअर लागतो तो एकदम घाला, पाचव्यातून तिसरा किंवा दुसरा. मधल्या पायऱ्या मोजत उतरण्याची गरज नाही. सपाटीवर गिअर पुढच्या चालीसाठी निवडायचा असतो, गाडी थांबवण्यासाठी नाही.

सरांच्या 'आधी क्लच'ला माझा विरोध आहे तो यामुळे. क्लच दाबलात की इंजिन आणि चाकांचा संबंध तुटला, गाडी मोकळी सुटली. जी ओढ तुम्हाला फुकट मिळत होती ती तुम्हीच काढून टाकलीत आणि सगळा भार ब्रेकवर टाकलात. अगदी आणीबाणीत कोणी अचानक आडवं आलं तर ब्रेक आणि क्लच दोन्ही एकदम दाबलेत तरी चालेल, पण तेव्हाही ब्रेकचा पाय मागे राहता कामा नये.

इथेच न्यूट्रलचं बोलून घेतो, कारण आपल्या घराघरांत 'उतारावर न्यूट्रल केली की पेट्रोल वाचतं' हे अजून ऐकू येतं. कार्ब्युरेटरच्या जुन्या मारुती 800 मध्ये त्यात थोडंफार तथ्य होतं. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत उलटं आहे. गाडी गिअरमध्ये आहे, तुमचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नाही आणि इंजिन पुरेसं फिरतंय हे कळलं की गाडीचा संगणक पेट्रोल बंदच करतो. चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला पेट्रोल जळत राहतं. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणं तर त्याहून वाईट. ब्रेकला जी मदत मिळते ती बहुतेक गाड्यांत इंजिनाच्या निर्वातातून येते. इंजिन बंद झालं की दोन-तीनदा ब्रेक दाबेपर्यंत साठलेली मदत पुरते, मग पेडल दगडासारखं होतं. स्टिअरिंगही जड होतं.

आता घाट. इथे मला जास्त लिहायचंय, कारण इथे माझी चूक झालेली आहे.

1996 ची गोष्ट. मारुती 800, गाडीत आम्ही पाच जण आणि डिकीत सामान. आग्रा-मुंबई रस्त्याने मानपूरवरून खाली उतरत होतो, महेश्वरलाच निघालो होतो. न्यूट्रल टाकून पायाने ब्रेक धरून ठेवला होता, तेव्हा तसंच करायचो. आधी वास आला, जळक्या रबरासारखा. पुढच्या ट्रकचा असेल असं वाटलं. मग एका वळणाआधी ब्रेक दाबला तर पेडल नेहमीच्या जागी अडलंच नाही. ओल्या स्पंजावर पाय ठेवावा तसं खाली, खाली, आणि फरशीला टेकलं. गाडी तशीच चाललेली. मागे वडील बसले होते, ते काहीतरी बोलत होते, त्यातला एक शब्द मला आठवत नाही. तिसरा घातला, गाडीला जोराचा झटका बसला, मग दुसरा, इंजिन किंचाळलं. हँडब्रेक एकेक दात ओढत वर घेतला. रस्त्याकडेला गिट्टीचा ढीग होता, त्यात पुढचं चाक रुतवून थांबलो.

एक ट्रकवाला थांबला. चाकांवर पाणी ओतायला निघालो होतो, त्याने हात धरला, कारण तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर ते तडकतं किंवा वाकतं. आणि म्हणाला, "भैया, जिस गियर में चढ़ाते हो, उसी में उतारो." पाऊण तासाने पेडल पुन्हा पहिल्यासारखं घट्ट झालं. सगळ्यात फसवं हेच आहे, माणसाला वाटतं झालं बरं. आतलं बिघडलेलं तसंच असतं.

झालं काय होतं, तर ब्रेक ऑइल उकळलं होतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं. त्याच्या दर्जाला डॉट 3, डॉट 4 असे आकडे असतात. नवं डॉट 3 तेल 205 अंशांपर्यंत उकळायचं नाही अशी अट आहे, पण पाणी मुरलं की तीच मर्यादा 140 वर येते; डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. तुमच्या पायाचा सगळा जोर बुडबुडे चेपण्यात जातो, चाकापर्यंत काही पोचत नाही. माझ्या गाडीचं तेल मी घेतल्यापासून एकदाही बदललेलं नव्हतं.

घाटात एवढी उष्णता येते कुठून, याचा हिशेब एकदा करून बघा. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटरवर, महेश्वर नर्मदेकाठी सुमारे 150 वर. म्हणजे गाडी जवळपास 400 मीटर खाली येते. तेवढ्या उंचीची ऊर्जा म्हणजे ताशी 100 च्या वेगातली गाडी दहा वेळा पूर्ण थांबवण्याइतकी. गाडी लहान असो की मोठी, हे दहाचं प्रमाण बदलत नाही, कारण दोन्हीकडे वजन सारखंच येतं. सगळा उतार घाटातच नाही आणि काही ऊर्जा वारा आणि टायर खातात, हे खरं. पण उरलेली कुठेतरी जायलाच हवी. गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर ती फक्त चार चाकांच्या डिस्क आणि ड्रममध्ये जाते. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये असेल तर मोठा वाटा इंजिन घेतं, आणि त्याला थंड ठेवायला पुढे रेडिएटर बसलेलाच आहे. याच रस्त्याच्या राऊ-खलघाट पट्ट्यात गणपती घाट आहे. तिथे उतरताना ब्रेक गेलेले ट्रक दुभाजक ओलांडून समोरच्या गाड्यांवर गेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं वाचल्या आहेत.

तेव्हा घाटाचा नियम सपाटीच्या उलट. वेग धरून ठेवायचं काम गिअरचं, ब्रेक फक्त दुरुस्तीला. आणि गिअर उतार सुरू होण्याच्या आधी घालायचा, गाडी सुटल्यावर नाही. ट्रकवाल्याचं वाक्य अजूनही चांगलं आहे, पण आजच्या गाड्या दमदार आहेत, तिसऱ्यात सहज चढतात आणि उतरताना तिसरा अपुरा पडतो. खूण सोपी आहे. पाय दोन्ही पेडलांवरून काढल्यावर गाडीचा वेग वाढतच असेल तर अजून एक गिअर खाली या. दुसऱ्यात तीस-पस्तीसच्या वेगाला लहान पेट्रोल गाडीचा काटा अडीच-तीन हजारांच्या आसपास असतो. आवाज मोठा येईल, घाबरू नका, त्या फेऱ्या इंजिनाला काहीच नाहीत. तरी वळणाआधी वेग जास्त वाटला तर ब्रेक नीट दाबा, पाच-दहाने वेग पाडा, आणि पूर्ण सोडा. पेडलवर पाय हलका टेकवून अख्खा घाट उतरणं हीच माझी 1996 ची चूक होती. सोडलेल्या वेळात चाकांना वारा लागतो.

खालचा गिअर घालताना झटका बसतो, कारण इंजिन हळू फिरत असतं आणि चाकं त्याला एकदम वर खेचतात. उपाय असा: आधी ब्रेकने वेग थोडा कमी करा, क्लच दाबा, खालचा गिअर घाला, अ‍ॅक्सिलरेटरला जरासा टिचका द्या म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या वर येतात, आणि क्लच सावकाश सोडा. जमलं की नाही हे आजींकडे बघून कळेल. त्यांच्या मांडीवरचा डबा हलला नाही आणि मान पुढे गेली नाही, तर जमलं. रविवारी सकाळी लवकर सुपर कॉरिडॉरच्या रुंद रस्त्यावर जाऊन पंधरा-वीस वेळा तिसऱ्यातून दुसरा करून बघा, मग एखाद्या रेल्वे पुलाच्या उतारावर.

एकाच गोष्टीची मला खरी भीती वाटते. नव्वदच्या वेगात पाचव्यातून चौथा घालायला जावं आणि घाईत दुसरा पडावा. वर सांगितलेला काटा तिप्पट करा, साडेसात-आठ हजार. इंजिन जास्त फिरू नये म्हणून पेट्रोल तोडणारी सोय असते, पण इथे इंजिन पेट्रोलने फिरतच नाही, चाकं फिरवतायत, त्यामुळे ती सोय निरुपयोगी. इंजिनातले व्हॉल्व्ह वाकतात. म्हणून लीव्हर मुठीत आवळून ओढू नका, तळहाताने ढकला.

पावसाळ्यात आणि सोयाबीनच्या दिवसांत रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांनी काळी माती आणलेली असते, ओली झाली की साबण. तिथे एकदम खालचा गिअर घालून क्लच सोडला तर पुढची चाकं क्षणभर घसरतात, स्टिअरिंग ऐकत नाही. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा, ब्रेकवर लक्ष ठेवते, इंजिनाच्या ओढीवर नाही. अशा जागी आधीच गिअर कमी करून घ्या आणि क्लच हळूच सोडा.

महेश्वरला दोन रस्ते आहेत. महूवरून जाम गेट, तिथून मंडलेश्वर. हा देखणा आहे, अहिल्याबाईंच्या काळचा दरवाजा लागतो, पण उतार तीव्र आणि वळणं आवळ. दुसरा मानपूर, गुजरी, धामनोद. रुंद, पण ट्रकांचा. तीन महिन्यांच्या हाताला मी दुसरा सांगेन, दिवसाउजेडी, आणि ट्रकाच्या पुढे रेंगाळू नका. जाम गेट परत येताना करा, चढायला तो सोपा जातो.

निघायच्या आठवडाभर आधी बॉनेट उघडा. ड्रायव्हरच्या बाजूला मागे ब्रेक ऑइलची छोटी पांढुरकी डबी असते. तेल फिकट पिवळं असेल तर ठीक, चहासारखं काळपट झालं असेल किंवा बदलून दोन वर्षं झाली असतील तर बदलून घ्या. झाकणावर डॉट 3 लिहिलंय की 4 ते वाचून तेच सांगा. बदलल्यावर मेकॅनिकने चारही चाकांची हवा काढली का ते स्वतः उभं राहून बघा, आणि गाडी ताब्यात घेण्याआधी पेडल दाबून पाहा.