कार्डं विकली, म्हणजे नक्षी विकली का?

प्रश्न : आमचे वडील स्वतःच्या यंत्रमागांवर चादरी विणायचे. नक्षीही तेच ग्राफ पेपरवर काढायचे. ते गेल्यावर आम्ही माग आणि जेकार्डची कार्डं (मागावर नक्षी उतरवणारी, भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं) विकली. घेणारे आता वडिलांच्या मोराच्या चादरी विणतात. घरात राहिलेल्या, कधीच न विणलेल्या ग्राफवरही ते हक्क सांगतात. वर ‘सोलापुरी चादर’ हे नावसुद्धा तुम्हाला लावता येणार नाही, म्हणतात. काय करावं?
– एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : कार्डं त्यांची झाली, हे खरं. पण पुठ्ठा विकला म्हणून नक्षीवरचा हक्क जात नाही. १९५७च्या कायद्याप्रमाणे कॉपीराइट दुसऱ्याच्या नावे करायला लेखी करार आणि देणाऱ्याची सही लागते. म्हणून आधी विक्रीचा कागद काढा. नक्षीच्या हक्काबद्दल त्यात एखादी ओळ आहे का, बघा.

मोराचं मात्र अवघड आहे. वडिलांनी डिझाइन नोंदवलं नव्हतं, असं धरतो. नोंदवण्याजोगी नक्षी न नोंदवता मालकाने यंत्रावर ५०हून जास्त नगांवर उतरवली, की तिचा कॉपीराइट संपतो. मागावर ५० चादरी किती पटकन निघतात, हे तुम्हाला सांगायला नको. एकेक चौकोन रंगवत ज्याने मोराची मान वळवली, त्याचा हक्क इतक्या लवकर संपावा हे मला अन्यायाचं वाटतं. पण कायदा तसा आहे. मोरासाठी कोर्टाची पायरी चढू नका, पैसा वाया जाईल.

न विणलेल्या ग्राफसाठी मात्र जरूर भांडा. त्यांचा कॉपीराइट वडिलांच्या पश्चात ६० वर्षं राहतो आणि तो सगळ्या वारसांचा असतो. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर आईचा आणि बहिणींचाही. पुढे कुणाला द्यायचा झाला, तर त्यांच्याही सह्या लागतील. आणि विणायला घेण्याआधी डिझाइन कायदा, २०००खाली नोंदणीचा अर्ज करा. १० वर्षं संरक्षण मिळतं, नंतर ५ वर्षं वाढवता येतं. नक्षी आधीच बाहेर फुटली तर नोंदणी हुकते, म्हणून व्यापाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोसुद्धा पाठवू नका.

राहिलं नाव. ‘सोलापुरी चादर’ला भौगोलिक मानांकन (जीआय) आहे, म्हणजे ते नाव त्या भागातल्या मालासाठी राखलेलं आहे. ते विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, तेव्हा मागांबरोबर ते त्यांच्याकडे गेलं असं होऊच शकत नाही. पुन्हा माग घातलेत, की त्या मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंद करून घ्या. त्यांनी ती केली आहे का, हेही एकदा विचारा.