जिन्याखाली मांजर व्याली आहे, पिल्लांना घरात आणू का?

पिल्लांना अजून हात लावू नका. आधी आईच्या पोटाचं बघा.

सकाळपासून आई दिसली नाही, म्हणून पिल्लं उचलून दूध पाजावं असं तुमच्या मनात आलंय, आणि शेजारी म्हणतात की मांजरांपासून कोरोना होतो. तुमची तळमळ कळते, पण आई नसताना दिसलेली पिल्लं अनाथ असतातच असं नाही. अंगावर पाजणाऱ्या मांजरीला दुपटीहून जास्त खाणं लागतं. जवळची हॉटेलं बंद, उकिरडे रिकामे असले की तिला अन्नासाठी लांब जावं लागतं. आमच्या परिसरातल्या मांजरांना मी खायला घालते. पोट खपाटीला गेलेल्या माद्या पिल्लं सोडून तासन्‌तास भटकताना मी कोरोनाच्या लॉकडाऊनमध्ये पाहिल्या आहेत. त्या परतत होत्या. तुम्ही मात्र जवळ उभे राहिलात तर ती येणार नाही.

म्हणून लांबून लक्ष ठेवा. पिल्लं स्वच्छ, गुबगुबीत आणि एकमेकांना बिलगून झोपलेली असतील, तर आई येऊन जाते आहे. थोड्या अंतरावर मांजरांचं खाणं किंवा मीठ-मसाला न घातलेलं उकडलेलं चिकन ठेवा, शेजारी पाणी ठेवा. अगदी पिल्लांजवळ नको, त्या वासाने बोके येतात. जागा बदलून ती पिल्लं सात घरं फिरवू लागली तर फिरवू द्या.

पिल्लं थंडगार पडली असतील, मळलेली असतील, सतत ओरडत असतील आणि कित्येक तासांत आई फिरकलीच नसेल, तरच उचला. अशा वेळीही पहिलं काम दूध नव्हे, ऊब. पहिले काही आठवडे त्यांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही आणि गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. खोक्यात फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवा, पण नको वाटलं तर बाजूला सरकायला जागा असू द्या. गाईच्या दुधाने जुलाब होतात आणि एवढ्याशा जिवाचं पाणी बघता बघता कमी होतं. मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडरच वापरा. पहिल्या आठवड्यात दर 2-3 तासांनी, रात्रीसुद्धा पाजावं लागतं. पाजताना पिल्लू पालथंच हवं. उताणं धरून पाजलं तर दूध फुप्फुसात जाऊ शकतं. पाजून झाल्यावर कोमट ओल्या कापसाने शी-शूची जागा हलके पुसा, कारण साधारण 3 आठवड्यांची होईपर्यंत त्यांना ते आपलं आपण जमत नाही. रोज वजन करा. जन्मतः ते साधारण 100 ग्रॅम असतं आणि दिवसाला 10 ग्रॅमच्या आसपास वाढायला हवं. वजन घटलं तर पशुवैद्यांना लगेच फोन करा, दवाखाना बंद असला तरी अनेक जण फोनवर सांगतात.

आता शेजाऱ्यांची भीती. मांजरांना हा संसर्ग होतो हे खरं, पण तो बहुतेक वेळा माणसाकडून. एप्रिल 2020मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातली वाघीण बाधित निघाली, तीही माणसाकडूनच असं मानलं गेलं. मांजराकडून माणसाला लागण होण्याचा धोका फार कमी आहे. हात धुवा, तेवढी काळजी पुरते. तुम्हालाच ताप-खोकला असेल तर मात्र खाणं ठेवायचं काम दुसऱ्या कुणाला द्या.

मला खरी धास्ती वाटते ती जंतुनाशकांची. जिन्यात ओतलेलं फिनाईल मांजरीच्या पंजांना लागतं, ती पंजे चाटते आणि त्यातलं फिनॉल हे रसायन मांजरांना विषासारखं बाधतं. शेजाऱ्यांशी भांडू नका, तेवढा कोपरा साबणाच्या पाण्याने मी धुईन असं सांगा, बहुतेक लोक ऐकतात. आणि मांजर किंवा पिल्लू तापलेलं वाटलं तरी घरातलं पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. एका गोळीनेही मांजर दगावू शकतं.

पिल्लं खाऊ लागली की आईची नसबंदी करून घ्या. बाकी सगळं थोडं लांबलं तरी चालेल, हे लांबवू नका. दूध पाजत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते आणि साधारण 2 महिन्यांत पुन्हा विते. पशुवैद्यांकडे आजच नाव नोंदवून ठेवा.