चालू सर्व्हरमधून नेटवर्क कार्ड काढता येतं का?

लातूरच्या पतसंस्थेतला सर्व्हर दिवसा बंद करता येत नाही, म्हणून तुम्ही विचारलंत. येतं, पण फक्त स्लॉट (कार्ड बसवायची खाच) हॉट-प्लगचा, म्हणजे मशीन चालू असताना कार्ड काढता-घालता येईल असा असेल तर. साध्या टॉवर सर्व्हरमधले पीसीआय एक्सप्रेस स्लॉट बहुधा तसे नसतात. मॉडेलचं मॅन्युअल आधी बघाच. तिथे नाही लिहिलेलं तर रात्री मशीन बंद करून, विजेची केबल काढूनच हात घाला.

स्लॉट तसा असेल तर आधी त्या कार्डावरचं काम दुसऱ्या कार्डावर न्या. मग स्लॉटजवळचं बटण दाबा. हिरवा दिवा लुकलुकायला लागतो. चुकून दाबलं असेल तर ५ सेकंदांत पुन्हा दाबलं की रद्द होतं. दिवा पूर्ण विझेपर्यंत कार्डाला हात लावू नका. लुकलुकणं म्हणजे वीज अजून चालू असू शकते, आणि घाई इथेच नडते.

बटण नसेल तर लिनक्समध्ये सिसएफएसमधल्या (हार्डवेअरची माहिती आणि नियंत्रणं फाइलींच्या रूपात दाखवणारं /sys फोल्डर) त्या स्लॉटच्या ‘पॉवर’ फाइलमध्ये शून्य लिहायचं. डिव्हाइसच्या ‘रिमूव्ह’ फाइलवर विसंबू नका: त्याने कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कार्ड विसरतो, स्लॉटची वीज तुटेलच असं नाही.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की अंगावर स्थिर वीज सहज साठते. मनगटी पट्टा बांधा, क्लिप चॅसिसच्या रंग नसलेल्या धातूला लावा. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घातलंय का तेही विचारा. उन्हाळ्यात जमीन वाळली की अर्थिंग कमजोर पडतं.