सिस्टर, एक विचारू? : वाफ, बांगड्या आणि टूथपेस्ट

प्रश्न : सिस्टर, मी लालबागला चाळीत राहते, नोकरी फोर्टात. सोमवारी पहाटे डब्यासाठी इडल्या लावल्या होत्या. घाईत इडलीपात्राचं झाकण माझ्याच बाजूला कललं आणि सगळी वाफ डाव्या हातावर आली, बांगड्यांच्या आतून. नळाखाली दोन मिनिटं हात धरला असेल नसेल, तेवढ्यात पाणी गेलं. सासूबाईंनी टूथपेस्ट लावली, शेजारच्या काकू बटाट्याचा कीस घेऊन आल्या, संध्याकाळी ह्यांनी मेडिकलमधून पांढरं मलम आणलं. आज चौथा दिवस. मनगटाशी रुपयाएवढा एक फोड आहे, बाजूला एक बारका. सुईने फोडू का? लोकलच्या गर्दीत धक्का लागून फुटेल याची धास्ती वाटते. डाग राहील का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, फोडू नका. सुई गॅसवर धरून घेतली तरी नको, 'नुसतं पाणी काढते' म्हणूनही नको. फोडावरची ती पातळ कातडी आहे तोवर आतल्या कोवळ्या त्वचेला जंतू लागत नाहीत. मेडिकलमध्ये त्या तोडीचं ड्रेसिंग मिळत नाही. आपोआप फुटला, तर पाण्याने आणि साध्या साबणाने हलक्या हाताने धुवा आणि वरची कातडी ओढून काढू नका, तिथेच राहू द्या.

आता आजपासूनचं सांगते. आधीचं मलम धुऊन टाका, स्वच्छ कापडाने टिपून घ्या, पुसू नका. वर व्हॅसलिनचा पातळ थर आणि पॅराफिन गॉज. हा जाळीसारखा तेलकट तुकडा कुठल्याही मेडिकलमध्ये मागितला की देतात. त्यावर साधा गॉज आणि सैल बँडेज. कापूस थेट ठेवू नका, त्याचे तंतू जखमेत अडकतात आणि मग ते उपटताना तुम्हीच रडाल. दिवसातून एकदा बदला, ओलं झालं तर लगेच. लोकलमध्ये बँडेजवरून सैल कॉटनची बाही असू द्या आणि आठवडाभर उजव्या हाताने दांडी धरा. दुखत असेल तर पॅरासिटामॉल चालेल.

ते पांढरं मलम बहुतेक सिल्व्हर सल्फाडायझिन असेल. ह्यांना बोलू नका, मुंबईतल्या निम्म्या घरांत ते फ्रिजच्या दारात असतं. पण एवढ्याशा भाजण्याला त्याची गरज नसते. जखम भरायला त्याने उलट उशीर होऊ शकतो, आणि पांढऱ्या थराखाली काय चाललंय ते दिसत नाही. सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तर ते लावूच नये.

टूथपेस्टबद्दल मात्र जरा जास्त बोलणार आहे. महापालिकेच्या रुग्णालयात नोकरी झाली, त्यातली बरीच वर्षं भाजलेल्यांच्या वॉर्डात. टूथपेस्ट, हळद, कॉफी पावडर, तूप, कणीक, सगळं काढलंय मी लोकांच्या अंगावरून. वाळलेली पेस्ट सलाइनने भिजवून भिजवून सोडवायची आणि समोर चार वर्षांचं पोर किंचाळत असायचं. पेस्ट गार लागते ती पुदिन्याच्या अर्कामुळे. त्वचेला थंडीचा भास होतो, आतली उष्णता आहे तिथेच राहते. लहानपणी माझ्या पायावर चहा सांडला तेव्हा आईने निळी शाई ओतली होती. डॉक्टरांना किती भाजलंय तेच कळेना, तिला जे ऐकून घ्यावं लागलं ते मला अजून आठवतं. तेव्हा सासूबाईंवर रागावू नका. माणूस भाजलं की घरातल्या प्रत्येकाला काहीतरी लावायचं असतं, नुसतं पाणी सोडत बसणं म्हणजे काहीच न करणं वाटतं.

आणि खरं काम तेच आहे. पाणी, वीस मिनिटं. घड्याळात बघून वीस, कारण भाजलेल्या माणसाला दोन मिनिटंही दहा वाटतात. कातडी वरून गार लागली तरी आतल्या थरांत उष्णता मुरत असते. भाजल्यापासून तीन तासांपर्यंत पाण्याचा उपयोग होतो, म्हणजे ऑफिसला निघण्याआधीही तुम्हाला वेळ होता. नळ गेला तर पिंपातलं पाणी तांब्याने ओतत राहायचं, खाली परात ठेवायची. नाहीतर बादलीत हात बुडवायचा आणि पाणी कोमट झालं की बदलायचं. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी आधी गरमच येतं, ते सोडून द्यायचं. बर्फ मात्र नाही. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात आणि भाजलेल्या कातडीला मिळणारं रक्त आणखी कमी होतं.

पाण्याखाली हात असतानाच बांगड्या, अंगठी, घड्याळ काढायचं. तासाभरात सूज चढते, मग बांगड्या फोडाव्या लागतात आणि काचही लागते. तुमच्या पत्रात बांगड्या काढल्याचं कुठे नाही, म्हणून विचारते : अजून हातात असतील आणि रुतत असतील तर आजच साबण लावून उतरवा.

वाफेला लोक हलकं समजतात. एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना सुमारे 540 कॅलरी उष्णता बाहेर पडते, आणि ती तुमच्या कातडीवर पडते. तेवढंच उकळतं पाणी शरीराच्या तापमानापर्यंत निवताना जेमतेम 63 कॅलरी देतं. झाकण नेहमी स्वतःपासून पलीकडे कलवून उघडा.

फोड मनगटाच्या सांध्याशी आहे, म्हणून एकदा दवाखान्यात दाखवाच. धनुर्वाताचं इंजेक्शन, म्हणजे आपलं टीटी, कधी घेतलं ते आठवत नसेल तर तेही घ्या. आजूबाजूची लाली पसरायला लागली, पू किंवा वास आला, ताप आला, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, तर थांबू नका. दोन आठवड्यांत जखम भरली नाही तरी जा.

डाग? अशा वरवरच्या फोडांचे व्रण सहसा राहत नाहीत. रंग काही महिने गडद किंवा फिका दिसेल. नवी कातडी आली की खोबरेल तेल लावा (आधी नाही), आणि ऊन लागू देऊ नका, कारण ऊन लागलं की काळेपणा पक्का होतो.

ज्यांचं भाजणं याहून मोठं आहे त्यांच्यासाठी : भाजलेल्या माणसाचा स्वतःचा बोटांसकट तळवा म्हणजे त्याच्या शरीराचा साधारण एक टक्का. फोड आलेली जागा तेवढी किंवा मोठी असेल, चेहरा, हाताचा पंजा, पाऊल किंवा जननेंद्रियांवर असेल, विजेने किंवा अ‍ॅसिडने भाजलं असेल, कातडी पांढरी किंवा काळी पडून दुखतच नसेल, तर घरगुती काही नाही. भाजलेल्या जागेवर पाणी ओतत राहा (विजेच्या बाबतीत आधी मेन स्विच बंद), 108 ला फोन करा. लालबागहून कस्तुरबा आणि भायखळ्याचं मसिना ही रुग्णालयं जवळ, नवी मुंबईत ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर आहे. लहान मूल असेल तर फक्त भाजलेल्या जागेवर पाणी, बाकी अंग पांघरुणात ठेवा, मुलं पटकन गारठतात.

प्रश्न : बाबांना मधुमेह आहे. रात्री गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपले, सकाळी टाचेला फोड. दुखत नाही म्हणतात. घरीच मलम लावलं तर चालेल?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : नाही. दुखत नाही हेच काळजीचं आहे. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, पिशवी किती गरम आहे ते त्यांना कळलंच नसणार. फोडाला हात न लावता स्वच्छ कापड सैल गुंडाळा आणि आजच डॉक्टरांना दाखवा, उद्यावर ढकलू नका. त्या पायाने चालू देऊ नका, जिना उतरायचा असेल तर खुर्चीत बसवून न्या. पिशवीऐवजी रात्री सुती मोजे द्या.