वाचकांचे प्रश्न : विस्क्रीची माणसे कुठे गेली?

प्रश्न : एका प्रवासलेखात रोमानियातील विस्क्री या खेड्याची छायाचित्रे पाहिली. चर्चभोवती किल्ल्यासारखी तटबंदी आहे आणि काही घरांच्या दर्शनी भिंतींवर जर्मन नावे व बांधकामाची साले दिसतात. मात्र तेथे आता जर्मन माणसे जवळजवळ उरलेली नाहीत, असेही त्यात लिहिले होते. ही माणसे तेथे आली कशी आणि गेली कुठे? गाव ओस पडले आहे काय?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : गाव ओस पडलेले नाही, हे आधी सांगतो, कारण विस्क्रीविषयी लिहिताना अनेकजण गेलेल्यांविषयी हळहळतात आणि राहणाऱ्यांना विसरतात.

विस्क्री हे ट्रान्सिल्व्हेनियातील ब्राशोव जिल्ह्यातले गाव. 12व्या शतकाच्या मध्यास हा प्रदेश हंगेरीच्या राज्यात होता. सरहद्द राखावी आणि पडीक जमीन लागवडीस यावी म्हणून राजा दुसरा गेझा याने पश्चिमेकडून, मुख्यत्वे ऱ्हाईन आणि मोझेल या नद्यांच्या परिसरातून, शेतकरी व कारागीर बोलावून वसवले. त्यांतील बहुतेकांचा सॅक्सनी प्रांताशी संबंध नसतानाही त्यांना 'सॅक्सन' हे नाव चिकटले ते कायमचेच. 1224 मध्ये राजा दुसरा अँड्र्यू याने त्यांना सनद दिली आणि आपला धर्मगुरू आपणच निवडण्याचा हक्कही तीत मान्य केला. गावाचे जर्मन नाव 'वाइसकिर्श', म्हणजे पांढरे चर्च. त्याचेच रूप पालटून 'विस्क्री' झाले.

1241 मध्ये मंगोलांची स्वारी आली आणि पुढे तुर्कांच्या धाडी सुरू झाल्या. या खेड्यांना आसरा देणारा सरदाराचा किल्ला जवळ नव्हता, म्हणून गावकऱ्यांनी आपल्या चर्चलाच तट आणि बुरूज घातले. यांतल्या एका बुरुजाविषयी मला विशेष आत्मीयता वाटते. त्यात गावातील कुटुंबे डुकराच्या मांसाचे खारवलेले तुकडे आपापल्या खुणेसह टांगून ठेवत. वेढा पडला तर तीच शिदोरी होती, आणि शांततेच्या काळातही ही वहिवाट चालू राहिली. आपल्याकडे गावात धान्याची पेवे असत, त्यामागेही असाच विचार होता.

या लोकांना एकत्र बांधणारी खरी व्यवस्था मात्र 'नाखबारशाफ्ट' ही होती. शब्दशः अर्थ 'शेजार', पण हा शेजार ऐच्छिक नव्हता. एका आळीतील घरांचा एक गट असे आणि त्यावर एक प्रमुख नेमलेला असे. कोणाचे घर बांधायचे असो, विहीर उपसायची असो वा कोणाच्या घरी मृत्यू झालेला असो, गटातील प्रत्येक घराने हातभार लावणे बंधनकारक होते. निरोप देण्यासाठी एक कोरीव लाकडी फळी असे. ती एका घरातून पुढच्या घरी जाई आणि ती हातात घेणाऱ्याने विलंब न करता पुढे पोहोचवावी असा नियम होता. ज्यांनी आपल्या वाडवडिलांकडून इर्जिकीच्या गोष्टी ऐकल्या आहेत, त्यांना यातले मर्म वेगळे समजावून सांगावे लागणार नाही; फरक इतकाच की इर्जीक शेतीच्या कामापुरती असे, तर हा शेजार जन्मापासून मरणापर्यंत पुरत असे.

ही वीण उसवण्यास सुरुवात झाली ती जानेवारी 1945 मध्ये. सोव्हिएत हुकमावरून रोमानियातील सुमारे 70,000 जर्मनभाषकांना, म्हणजे 17 ते 45 वयाचे पुरुष आणि 18 ते 30 वयाच्या स्त्रिया यांना, खाणी व कारखान्यांत सक्तीच्या मजुरीसाठी नेण्यात आले आणि त्यांतील अनेकजण परतलेच नाहीत. त्याच वर्षीच्या जमीन सुधारणेत सॅक्सन शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. पुढे रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याच्या राजवटीत पश्चिम जर्मनीकडून माणशी पैसे घेऊन त्यांना देश सोडू दिला जाई. 1967 ते 1989 या काळात दोन लाखांहून अधिक जर्मन असे गेले. माणसाच्या जाण्याला भाव ठरावा, ही गोष्ट मला आजही सहन होत नाही. राजवट कोसळल्यावर सरहद्दी खुल्या झाल्या आणि एकट्या 1990 मध्ये एक लाखाहून अधिक जण जर्मनीत गेले. काही गावांत आठशे वर्षांची वस्ती दोन-चार महिन्यांत रिकामी झाली.

विस्क्रीत आज मुख्यतः रोमा (ज्यांना पूर्वी 'जिप्सी' म्हणत) आणि रोमानियन कुटुंबे राहतात. मोजकी सॅक्सन घरेही आहेत. गावातील स्त्रिया लोकरीचे मोजे विणून विकतात. संध्याकाळी गायींचा कळप कुरणावरून परत येतो, रस्ताभर धूळ उडते आणि प्रत्येक गाय आपल्याच घराच्या दिंडी दरवाजाशी जाऊन थांबते. भिंतीवरचे नाव जर्मन असले, तरी दार उघडणारी बाई रोमा असते. तीही त्या गावाचीच आहे.

प्रश्न : चाउशेस्कू ही खेडी पाडणार होता, असे ऐकले आहे. मग ती वाचली कशी?
— एक वाचक, देवळाली

उत्तर : होय. देशातील सुमारे 13,000 खेड्यांपैकी निम्म्याहून अधिक हटवून माणसांना सामूहिक इमारतींत न्यायचे, अशी योजना 1988 मध्ये जाहीर झाली. तिच्याविरुद्ध बेल्जियममध्ये चळवळ उभी राहिली आणि पश्चिम युरोपातील अनेक गावांनी रोमानियातील एकेक खेडे 'दत्तक' घेतले. बुखारेस्टच्या आसपासची काही खेडी पाडली गेली; पण डिसेंबर 1989 मध्ये राजवटच संपल्याने पुढचे काम थांबले. तटबंदीच्या चर्चची खेडी म्हणून 1993 मध्ये बिएर्तान हे सॅक्सन गाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले आणि 1999 मध्ये विस्क्री धरून आणखी सहा गावे त्याला जोडण्यात आली.